अकरा ओळी

मी त्याला आयुष्यभर उलटा वाचला,
आरशातल्यासारखा, शिशाच्या खिळ्यांत.
सामोरात गुरुवारची वाट बघणारे आम्ही दोघे :
स्तंभ लिहिणारा एलादिओ कांतालापिएद्रा
आणि तो जुळवणारा मी.

गिरणीवाल्याचा पोरगा.
कोंडा कशाला म्हणतात
ते पुस्तकांच्या आधी शिकला.
लिहायचा बापाच्या गव्हाच्या पावत्यांमागे;
कागद उलटला की एखाद्या महाकाव्याच्या पाठीवर
चौदा पोती, बाकी येणे.

सालामांकात शिकवायची नोकरी चालून आली होती.
कुठल्याशा निष्ठापत्रावर एक सही, बस.
पेन विसरलो म्हणाला
आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला.

लाल पेन्सिलीची वर्षं ती.
वाचाच, असं ज्या पुस्तकाबद्दल म्हणता येत नसे
त्याच्या बांधणीची तो तारीफ करी :
‘दोरा मजबूत आहे. पाठ ताठ आहे.’
शुक्रवारी दहाच्या आत
दोन्या एस्कोलास्तिकाच्या दुकानातल्या
मेणबत्त्यांच्या खोक्याखालून
ते पुस्तक संपलेलं असे.
सेन्सॉरला वाटायचं, या गृहस्थाला
खळ आणि पुठ्ठ्याचं वेड आहे.

मग एकसष्ट साल. विसितासिओन मातेसान्स,
वय एकोणीस, पहिला संग्रह, वडिलांच्या खर्चानं.
त्यानं अकरा ओळी लिहिल्या.
‘हिनं घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या आहेत,
उघडलेली एकही नाही.’
खरं होतं. मीही वाचला होता तो संग्रह.
शेवटी दोन विशेषणं : गोंडस, आज्ञाधारक.

तिनं पुन्हा लिहिलं नाही.
औषधशास्त्र शिकली, चौकातलं दुकान घेतलं.

स्तंभ बंद झाला त्याला बरीच वर्षं झाली,
त्या जागी शब्दकोडं येतं.
आता त्याच्या डोळ्यांत दुएरोवरचं धुकं
कायमचं राहायला आलंय.
मी त्याला हाताला धरून दुकानात नेतो.
ती थेंब घालते, डावा, मग उजवा,
मान वर, हलू नका.

काल मान वर असतानाच तो म्हणाला,
‘बाई, पुस्तक कच्चंच होतं.
पण त्या अकरा ओळींत दोन विशेषणं जास्त झाली.’
ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली,
‘माहीत आहे. कात्रणावर मी ती तेव्हाच खोडली.’
आणि दोघं हसली, खोकला येईपर्यंत.

मी रांगेत उभा. हातात सुटे पैसे.
प्रुफावर त्यानं दोन्ही शब्दांवर काट मारली होती,
हे तो विसरलाय. मी नाही.
रात्रीचे दोन वाजले होते,
शेवटची ओळ आखूड पडत होती,
आणि भरायला माझ्याजवळ
दुसरं काही नव्हतं.