डांबर

तीन दिवस आउलिसनं कुणाला सांगितलंच नाही.
संडासात जायचा, बटण दाबायचा,
परत येऊन पडायचा खिडकीकडे तोंड करून.
खिडकीत ओउलू नदी, गोठलेली,
आणि दुपारी दोनलाच मावळू लागणारं ऊन.

चौथ्या पहाटे मी भांडं मागितलं.
झाकण काढायच्या आत तोच म्हणाला,
"डांबर आहे."
माफी मागितल्यासारखा.

त्याला कळणारच. पंचेचाळीस वर्षं होड्या बांधल्या,
दर वसंतात पाइनच्या मुळांचं डांबर तापवून
फळ्यांच्या सांध्यांत भरलं.
केमोनं केस नेले, भुवया नेल्या,
अंगठ्याच्या नखाखालची काळी रेघ तेवढी राहिली.

"आवाज करत नाही गं," तो म्हणाला,
"होडीत पाणी शिरतं तेव्हा.
नुसती जड होत जाते."

प्लेटलेट सात हजार.
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक.
पांढऱ्या पेशी मोजाव्यात इतक्याही नाहीत;
औषधानं चोराबरोबर घरच्यांनाही बाहेर काढलंय.
डॉक्टर हेल्का पलंगाच्या पायथ्याशी उभ्या.
दुर्बीण आत घालायची तर
जिथं गळत नाही तिथंही गळेल.
म्हणून थांबायचं. तोंडानं काही नाही. पाणीसुद्धा नाही.
त्याला राईची पेज हवी होती,
मी ओला बोळा ओठांवरून फिरवला.

मग पिशवी आली, ताकाच्या निवळीच्या रंगाची.
रक्तपेढीत ती रात्रंदिवस डुलत ठेवतात, मी सांगितलं,
थांबली की आतलं एकमेकांना चिकटतं.
"किती जणांचं आहे?"
"चौघांचं."
"हं. चौघं लागतातच,
होडी पाण्यात ढकलायला."

तक्त्यावर मी लिहिलं: रंग काळा, दोनशे मिली, नाडी एकशे अठरा.
वासाला रकाना नाही.
घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी
तो वास नाकात होता,
आणि खोटं कशाला बोलू,
दर वेळी मला लहानपणचा धक्का आठवत होता,
उलट्या ठेवलेल्या होड्या, उन्हात चकाकणारी त्यांची पोटं.

सहा पिशव्या. मग आणखी दोन.
अकरा हजार, नऊ, पुन्हा अकरा.

नवव्या दिवशी भांडं मी उजेडाकडे धरलं.
तपकिरी म्हणावं का, ठरेना.
शेवटी आउलिसलाच दाखवलं.
त्यानं चष्मा मागितला, बराच वेळ पाहिलं,
एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं काम पाहावं तसं.

"अजून एक हात लागेल," म्हणाला.