तीन नंबरचा बोल्ट

पारव्याच्या फाट्यावर बोल्ट तुटला
तेव्हा गाडीत सतरा माणसं होती,
दोन बकऱ्या,
आणि लग्नघरी निघालेला कपाटाचा आरसा,
गोधडीत गुंडाळलेला.
आधी खोकल्यासारखा आवाज आला,
मग चढावर फटफटत मार्शलनं
सगळा धूर आमच्याच पायांत सोडला.

माणसं उतरली. आरसा उतरला.
मागणाऱ्यांना भाडं परत दिलं,
न मागणाऱ्यांकडे पाहिलं नाही.

अजाब मिस्त्रीनं बॉनेटखाली डोकं घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
"तीन नंबरचा. मुंडकं गेलं, धड हेडात हाये."
दुखऱ्या दाढेवर जीभ फिरावी
तसं त्याचं बोट त्या तुटक्या कडेवर फिरत होतं.
"कोनं आवळला व्हता?"

मी म्हणालो, पांढरकवड्यात एक होता मिस्त्री.

तो काही बोलला नाही.
पान्याले पाइप लावून आवळलेला बोल्ट
येगळाच तुटते, एवढं म्हणाला,
तेही तौसिफला. मला नाही.

अर्धं डिझेल, अर्धं घासलेट,
दुपारभर थेंब थेंब सोडत राहिलो फटीत.
मधे मधे तौसिफ बोथट छिन्नीनं
टुक टुक करायचा.
"जोरानं नोको बे. त्याले फक्त सांगाचं
का आपन आलो."

उलट्या आट्यांची एक सळई होती त्याच्याकडं,
धोतराच्या फडक्यात बांधलेली.
सोडून तिघांनीही पाहिली.
"हे आत मोडली तं मंग हेडच गेलं समज.
लय कडक असते. कडक चीज मोडली
का तिले काढाले दुसरं काही राह्यत नाही."
पुन्हा गुंडाळून ठेवली.

उरला एकच इलाज:
बुडख्यावर नट ठेवून वेल्डिंग मारणं.
आणि लाइन नव्हती.
थ्री फेज रात्री साडेबाराला.

तौसिफच्या घरून डबा आला, तिघांत पुरला.
नाल्याकडून मोहफुलांचा आंबूस वास येत होता,
हाताला डिझेलचा.
मिस्त्री टायरवर मान टाकून झोपला, तोंड उघडं.
मी गाडीच्या दारावरचं नाव वाचत बसलो,
भावाचं, पिवळ्या रंगात, माझ्या नावावरून फिरवलेलं.
ऊन तिरपं असलं की खालचं अजून दिसतं.
परमिट त्यानं बदलून आणलं त्या संध्याकाळी
माझ्या हातात पाना होता
आणि समोर हाच बोल्ट.
बसला होता तो. बसल्यावरही मी
तीन वेळा आवळला.

मग शिवारात एकेक मोटार गुरगुरू लागली.
"लाइन आली," तौसिफ झोपेतच म्हणाला.

पहिला नट उखडून हातात आला.
दुसरा धरला. लालबुंद असतानाच
मिस्त्रीनं त्याला मेणबत्ती टेकवली;
लोखंडानं मेण पाहता पाहता पिऊन टाकलं.
मी पाना घेऊन सरळ सोडायला लागलो
तर त्यानं मनगट धरलं.
"आधी जरासा आवळ. मंग सोड.
मंग पुन्हा आवळ.
येकदम सोडाले गेला तं पुन्हा तुटन."

पाव फेरा इकडे. त्याहून कमी तिकडे.
किती वेळ ते सांगता येत नाही,
दोन वेळा तौसिफनं बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.
आणि मग कुठूनतरी खोलातून
चर्रर्र.
कोणीच काही म्हणालं नाही.
मिस्त्रीनं खिशातून खर्रा काढला.

अर्ध्या बोटाएवढा होता. पहिले सात आटे शाबूत,
आठवा चपटा झालेला.
फडक्यात धरून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला,
अजून गरम.
"ठेव. पांढरकवड्याच्या मिस्त्रीले दाखवजो."

नवा बोल्ट त्यानं मलाच लावायला दिला.
पाइप सकाळपर्यंत कुठं दिसला नाही.