आसनक्षमता

वडाळ्याला पासिंगच्या रांगेत
पहाटे पाचपासून आमची पिवळी व्हॅन.
गोरख डोळस स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपलेला.
आडनाव डोळस, आणि यंदा चष्मा लागला,
तोही बिल्ल्यासाठी डोळे तपासले तेव्हा कळलं.
मी मागे बसून
अग्निशामकावरची मुदत
नखाने धूळ काढून वाचत होते.

साहेब आले. पोरसवदाच होते.
टेप लावून पायरीची उंची मोजली.
खिडकीच्या आडव्या दांड्यांतून
स्वतःचंच डोकं घालून बघितलं,
कपाळापाशी अडकलं तेव्हा समाधान झालं त्यांचं.
प्रथमोपचार पेटीत कापूस, कात्री, पट्टी, मलम,
आणि फडक्यात बांधलेली माझी अर्धी पोळी.

वेग चाळिशीच्या वर जातो का?
डोळस म्हणाला, साहेब,
गोवंडी फाटक ते चेंबूर नाका
सकाळी साडेसहाला चाळीस गाठून दाखवा,
चाव्या तुमच्या.
साहेब हसले नाहीत.
हसायचं कामच नव्हतं ते.

महिला मदतनीस?
मी हात वर केला, वर्गात करतात तसा.
नियमात माझी एक ओळ आहे.
सासरी-माहेरी कुठल्या कागदाने
कधी म्हटलं नव्हतं
की हिच्यावाचून गाडी हलायची नाही.

आसनक्षमता?
बारा.
मुलं?
बारा.
तेवढ्यात शेवटच्या सीटवरचं
शालीचं गाठोडं उठून बसलं, डोळे चोळत.
ही कोण?
माझी. हर्षाली. पालिकेच्या शाळेत जाते,
वाटेतच घाटल्याला उतरते.
म्हणजे तेरा.
मांडीवर घेते मी तिला, साहेब.
ते खाली बघून लिहीत होते. म्हणाले,
ब्रेक लागल्यावर मांडीवरचं मूल
कुठे जातं, ते पाहिलंय मी.
आवाज चढवला असता
तर मला भांडता आलं असतं.

सोमवारपासून हर्षाली चालत जाते.
सात वाजून दहाला
आम्ही तिला मागे टाकतो, रसवंतीच्या वळणावर.
कुहू आणि जोएल हात हलवतात.
ती बुटाकडे बघते.
मी मुलं मोजते.
बारा. बारा. बरोबर बारा.

मग यादी आली भरायला.
नाव, इयत्ता, पत्ता, थांबा, पालकांचा फोन,
रक्तगट.
अद्वय ए पॉझिटिव्ह.
जुळ्या चिटणीसांचा एकच,
तरी दोनदा लिहायचा.
इनाया बी निगेटिव्ह, लवकर मिळत नाही म्हणून
तिची आई रोज खिडकीतून आठवण करते,
जणू मी तो खिशात घालून फिरावा.
बारा रांगा भरल्या. खाली अजून एक रिकामी होती.
पेन तिथेच थांबलं.

बारा जणांचं रक्त मला तोंडपाठ.
हिचं नाही.
हिचं कुणी विचारलंच नव्हतं,
आणि मला वाटलं होतं
आईला माहीतच असतं.

शनिवारी दवाखान्यात नेलं.
बोट टोचलं तरी रडली नाही,
फक्त विचारलं, आता बसू का गाडीत?
लॅबवाला चिठ्ठी देत म्हणाला,
ओ पॉझिटिव्ह, काळजी नको,
कुठेही मिळतं.

यादी डोळसने काचेजवळ लावली, बारा नावांची.
चिठ्ठी मी पेटीत ठेवली, कापसाच्या खाली.
पुढच्या पासिंगला साहेबांना सापडलीच
तर म्हणेन,
पोळीसारखीच राहून गेली.