हातचा

तांपेरेतल्या जुन्या कापड गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ.
खाली धरणाचं पाणी रात्रभर काहीतरी दळत असतं.
ते माइकमध्ये शिरू नये म्हणून भिंतीत लोकर ठासलीय,
तरी चाळीस हर्ट्झच्या आसपास येतंच थोडं.
ओइवा म्हणतो, गावाचं भाडं समज.

पूर्वी म्हणे एका मिक्सला चार माणसं लागायची.
टेप फिरली की सगळे टेबलाला खेटून उभे,
दोन फेडर ओइवाचे, दोन ड्रमवाल्या केइयोचे,
एक टॅपिओचा, तो फक्त प्रतिध्वनी सांभाळायचा,
आणि कोपऱ्यातला, अकॉर्डियनचा, कॅन्टीनच्या हेल्मीकडे.
तिला एवढंच सांगितलेलं :
दुसऱ्या कडव्यानंतर बाई श्वास घेते, तेव्हा खाली आण.
एकाचा हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
तेराव्या वेळी जमलं,
तोवर हेल्मीची कॉफी करपलेली.

आता मी एकटी.
ट्रॅकखाली एक रेघ उघडते, तिच्यावर ठिपके ठेवते,
आणि पाणी प्यायला उठले
तरी फेडर आपापले सरकत राहतात,
न दिसणाऱ्या कुणी घरभर दारं लोटत जावं तसे.

मंगळवारी टँगो होता.
ओइवा म्हणाला, गळ्याची रेघ मी ओढतो.
माऊसने नाही. खरा फेडर, टच मोड :
बोट टेकलं की लिहितो, सुटलं की थांबतो.
तीन मिनिटं चाळीस सेकंद त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही.
‘नोव्हेंबर’ या शब्दाआधी अर्धा डेसिबल उचलला फक्त,
झोपलेल्याच्या अंगावरची चादर सारखी करावी, इतपत.

मग रेघ उमटली.
लांबून सुरेख.
मी झूम केलं
तर काठ सगळा दातेरी,
सेकंदाला पाच वेळा वर-खाली, वर-खाली,
जिथे फेडर नुसता धरून ठेवायचा होता तिथेसुद्धा.

मी काही बोलले नाही.
ओइवाने उजवा हात खिशात घातला.
खिशात किल्ल्या होत्या. वाजल्या.

“ऐकू येतं?”
“नाही.”
“मग दिसायला तरी कशाला हवं? ठिपके कमी कर.”
राहू दे म्हटलं, तुझ्या हाताचं वळण आहे.
“वळण नव्हे, आजार आहे. तो माझा.
त्या पोरीने काय घोडं मारलंय?”

त्याच्यासमोरच केलं.
दोन हजार दोनशे ठिपक्यांचे एकेचाळीस उरले.
रेघ गुळगुळीत झाली, बर्फाने झाकलेल्या कुंपणासारखी.
पुन्हा ऐकलं. गाणं तेच.
मला वाटलं होतं, काहीतरी मरेल त्यात.
नाही मेलं.

तो बाजारात गेला, काळं सॉसेज आणायला.
जुनी रेघ मी आधीच कॉपी करून ठेवली होती.
अगदी मागे, ब्रशच्या ट्रॅकवर,
जो असून नसल्यासारखा,
तिथे चिकटवली. एक दशांश करून.
कुणाला कळणार नाही. मलाही नाही कळत.
शाळेत बेरीज करताना हातचा मनात धरायचो,
वहीत लिहिला की बाई रागवायच्या.

जिन्यात पावलं आली.
मग बराच वेळ
किल्ली कुलपाभोवती खडखडत राहिली.
मी सेव्ह केलं.
दार उघडायला उठले नाही.