बटवा

खानगाव थडीच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या झिरप्यात
दीड एकर चोपण आहे.
पावसाळ्यात साबणासारखं घसरतं,
माघात पांढरं पडतं,
पायाखाली पापडासारखं मोडतं.
मी तिथे माती आणायला गेले होते.
वीतभर खड्डा, कापडी पिशवी,
पिशवीत चिठ्ठी: गट नंबर, तारीख,
झुंबराबाई तुळशीराम गांगुर्डे.

ऊस इथे दोनदा लावला होता, दोनदा पिवळा पडला.
मग कुणी काहीच लावलं नाही
आणि हे आलं.
गुडघ्याएवढं, राखी-हिरवं,
पानांवर पीठ,
गिरणीवाल्याच्या पापण्यांवर असतं तसं.
मी बोट फिरवलं, चाटलं.
मीठ.

“चंदनबटवा,” झुंबराबाई म्हणाल्या.
“याच्या भाजीत मीठ टाकायचं नसतं.
माझ्या जावेनं टाकलं व्हतं, पहिल्याच साली.
सासरा काही बोलला नाही,
नुसता पाणी पीत राह्यला.”

प्रयोगशाळेत सामू आला नऊ पूर्णांक चार.
शेरा: पिकास अयोग्य.
मीच लिहिला. रकाना तेवढाच होता.

हे झाड एका सालाचं.
जमिनीतलं मीठ उचलून पानापानांत ठेवतं,
चैत्रात उभ्या जागी वाळतं,
आणि घेतलेलं सगळं
उसन्या वाटीसारखं परत करतं.
कुणी खुडून नेलं
तरच तेवढं मीठ बांधाबाहेर जातं.

चाळीस वर्षं झुंबराबाई खुडताहेत.
अहवाल द्यायला गेले तेव्हा
पाकिटाच्या पाठीवर मी हिशोब मांडला:
टोपलीला चिमूट, हंगामाला ओंजळ,
दीड एकराला साधारण नऊशे वर्षं.
वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत.
“मंग आधी जेवून घे,” म्हणाल्या, “भाकर गार व्हती.”

निघताना पदराची गाठ सोडून बी दिलं.
एकाच झाडाचं, दोन तऱ्हेचं.
तपकिरी, चपटं: टाकलं की उगवणारं.
काळं, बारीक: थांबणारं.
“किती दिवस?”
“ते त्यालाच ठावं.”

काळं अजून खणात आहे, गंगापूर रोडच्या घरी.
तपकिरी मी गॅलरीतल्या कुंडीत पेरलं.
माती चांगली होती, विकतची,
गांडूळखत घातलेली.
भरभरून आलं.
पानांवर पीठ मात्र धरलं नाही.
भाजी केली, पहिला घास घेतला,
आणि उठून
मिठाची बरणी आणली.