घट्टे

सात आठवडे मी तिला शिकवलं
खुर्ची कशी चालवायची.
ॲटलांटाच्या दक्षिणेला, विमानतळापलीकडे,
टायरच्या जुन्या गोदामात उभारलेला स्टुडिओ.
माझ्या करारावर लिहिलेलं : सल्लागार, हालचाल.

उंबरठा आला की आधी छाती मागे, मी सांगायची,
मग पुढची चाकं उचल.
घाबरू नकोस. पडशील तर पड.
ती पडली. अकरा माणसं धावली.
मी पडते तेव्हा लोक आधी इकडेतिकडे बघतात,
हिच्याबरोबर कोणी आहे का.

पटकथेत ती गोरी, एकटी, खिडकीपाशी.
खिडकी तिला फारच दिली होती.
आदल्या वर्षी इथेच त्यांनी
युद्धावरून परतलेला एक पुरुष खुर्चीत बसवला होता,
त्याला संताप दिला, दारू दिली, एक बायको, वर एक मैत्रीण.
हिला पांढरी शाल.

आणि मागून ढकलायला पर्लीन. माझ्या रंगाची.
पर्लीन उचलते, पुसते, हसते, देवाचं नाव घेते,
एकशे बारा पानांत एकदाही बसत नाही.
मी विचारलं, ड्यूटी संपली की ती जाते कुठे?
छान प्रश्न आहे, डेल्फीन, दिग्दर्शक म्हणाला
आणि पान उलटलं.

माझी आई, व्हर्नेल पेटवे,
एकतीस वर्षं परक्यांची म्हातारी माणसं उचलत होती.
शेवटी तिच्या पाठीनेच हात टेकले.

पर्लीन म्हणून मी चालले नसते,
कारण मी चालत नाही.
खिडकीतली बाई म्हणूनही चालले नसते.
त्याचं कारण कोणी तोंडाने बोललं नाही.

मग रंगभूषेची पोरगी आली, म्हणाली, तळवे दाखवता?
बावीस वर्षांचे घट्टे :
अंगठ्याच्या मुळाशी पिवळट, टणक,
आणि डाव्या हाताला एक चीर,
थंडीत उघडते, उन्हाळ्यात विसरते.
तिने फोटो काढले, सगळ्या कोनांतून.
रबराचे पापुद्रे करून चढवले त्या नाजूक हातांवर,
चिरेसकट.
रंग जुळवायला फारसा त्रास पडला नाही, म्हणाली.
तळव्यापुरती मी त्यांच्या जवळची होते.

गुरुवारचा शेवटचा खेळ.
आमची जागा पहिल्या रांगेच्या टोकाला,
जिथून सगळ्यांच्या फक्त हनुवट्या दिसतात.
मध्यंतर नसतं इथे. तासाभराने
पडद्यावर एक तळहात उघडला,
आमच्या स्वयंपाकघराएवढा.

मावशी, तुझा हात! झारिया ओरडली.
मागून कोणीतरी शुक् केलं.

मी पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घातला.
मीठ चिरेत गेलं.

पुढे बाईंनी खिडकीपाशीच प्राण सोडला,
पर्लीनने डोळे मिटवले तिचे,
आणि शेजारून हुंदके ऐकू आले. खरे होते ते.

झारियाला माझं नाव बघायचं होतं.
नावं बारीक अक्षरांत, भराभर वर चालली होती,
आणि शेवटची बस दहा चाळीसची,
तिची उतरंडीची फळी कधी उघडते,
कधी नाही.