एकोणीस दिवस

तांबडीच्या विष्ठेत पहिल्यांदा दिसलं ते
पहाटे, मोबाइलच्या उजेडात.
पांढरं, बोटभर, शिजल्या शेवईसारखं,
आणि हलत होतं.

रम्सच्या दवाखान्यातल्या सुदानी डॉक्टरनं विचारलं, किती आहेत?
सतरा कोंबड्या. कोंबडा एक, पण स्वतःला पाच समजतो.
हसला नाही तो. बाटलीवर तारीख घातली.
पाच दिवस पाण्यातून, मग चौदा दिवस थांबायचं.
तोवरची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत,
कुणाला भेट म्हणून तर मुळीच नाही.

जुलै. सावलीतला पत्रासुद्धा चटका देतो.
औषधाचं पाणी ठेवलं, बाकीची भांडी पालथी घातली,
तरी नऊ जणी गायब.
सापडल्या बंगल्यामागे, एसीच्या नळीखाली,
मालकाच्या झोपेतून गळणारं गार पाणी
माना वर करून पीत होत्या, थेंब थेंब.
मग नळीखाली बादली, बादलीवर फळी, फळीवर वीट,
आणि शेजारी मी.
प्या गं बायांनो, कडू तर कडू.
मोखलेस म्हणाला, यांना मराठी कळत नाही.
म्हटलं, तुला तरी कुठे कळतं, राहतोसच ना माझ्यासोबत.

अंडी मात्र येतच राहिली.
कोंबडीला कोण सांगणार,
की या दिवसांतलं तुझं आम्ही धरत नाही.
प्रत्येकावर पेन्सिलनं फुली मारायचो, चुकून मिसळायला नको,
आणि संध्याकाळी खजुराखाली पुरायचो,
हातभर खोल, मांजरं उकरतात म्हणून.
मग कोपरापर्यंत साबण.
फोनवर अलका म्हणाली, म्हणजे त्यांनाही शिवाशिव लागली म्हण की.
मी बराच वेळ बोललो नाही.
ती म्हणाली, रेंज गेली का?

मीही असाच तपासून आत आलेलो.
रक्त, छातीचा फोटो, आणि छोट्या डबीत ते.
रांगेत प्रत्येकानं आपली डबी मुठीत लपवलेली,
जणू आत सोनं आहे.
तीन दिवसांनी मेसेज आला: फिट.
तेव्हा कुठे या घराच्या अन्नाला हात लावायची परवानगी.

ईद आली तेव्हा अकरावा दिवस.
उम्म हुमैद काठी टेकत टोपली घेऊन आल्या.
सकाळच्या बलालीतसाठी अंडी हवीत,
गोड शेवयांवर पिवळं आम्लेट, त्यांच्या आईपासूनची रीत.
ममनूअ, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, कोंबडी माझी, अंडं माझं, ईद माझी.
मी टोपलीवर हात ठेवला. माझा हात, त्यांची टोपली,
सात वर्षांत असं कधी केलं नव्हतं.
त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग वळल्या.

ड्रायव्हर सुपरमार्केटातून तीस अंड्यांचा ट्रे घेऊन आला,
सगळी एका मापाची, एका वयाची, लाल शिक्का मारलेली.
दुपारी माझ्यासाठीही ताट आलं.
आम्लेट उचललं, खाली शेवया.
तांबडी आठवली.
डोळे मिटले आणि संपवलं. चवीला छान होतं, खोटं का बोलू.

एकशे अठ्ठावीस पुरली, मोजून.
विसाव्या पहाटे खुराड्यात हात घातला,
एक होतं, ऊबदार, पिसाचा तुकडा चिकटलेलं.
कानावरची पेन्सिल सवयीनं हातात आली,
फुलीची एक रेघ उमटलीसुद्धा,
मग थांबलो, अंगठ्यानं पुसत राहिलो.

उम्म हुमैद फजरपासून खुर्ची टाकून बसल्या होत्या.
अंडं घेतलं, कानाशी हलवलं,
आणि परत माझ्याच हातात ठेवलं.
आधी तू खा.

माया होती की खातरजमा, विचारलं नाही.
दोन्ही असेल.
बाहेरच्या शेगडीवर तव्यात फोडलं,
पिवळं असं की मोखलेस उठून बघायला आला.
मीठ टाकलं. त्या बघत होत्या.